नवऱ्याच्या पीएफवर दोघांचे म्हातारपण निघेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्न विचारणाऱ्या ताई ४४ वर्षांच्या असून कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहतात आणि शाहूपुरीतील एका खासगी आस्थापनेत लेखापाल म्हणून काम करतात. पगार २४ हजार असून पीएफ १५ हजारांवर कापला जातो. सध्याच्या नोकरीला चार वर्षे झाली आहेत. त्याआधी सहा वर्षे नोकरी केली होती, परंतु मुले लहान असताना ती सोडावी लागली आणि तेव्हा जमलेला पीएफ काढून घेतला. पती ४९ वर्षांचे असून शिरोली औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीत नोकरीला आहेत. गृहकर्जाचा हप्ता वगळता घरखर्च महिन्याला ३० हजारांच्या घरात जातो. ताईंच्या स्वतःच्या नावावर पतसंस्थेत ३ लाखांची ठेव आहे, १२ तोळे सोने आहे आणि बारा जणींच्या भिशीत त्या दरमहा ५ हजार भरतात. फ्लॅट पतीच्या एकट्याच्या नावावर आहे. माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर, म्हणजे स्वतःचा वाटा सोडून देण्याच्या दस्तावर, भावाने सही मागितली आहे. पतीचे म्हणणे असे, की ‘माझ्या पीएफमध्ये दोघांचे भागेल, तुझे वेगळे कशाला?’ कागल तालुक्यात म्हशी सांभाळणाऱ्या ३५ वर्षांच्या जाऊबाईंसाठी काही सोय आहे का, हेही त्यांनी विचारले आहे.

ताई, तुमच्या यजमानांचे म्हणणे मी चुकीचे म्हणणार नाही, कारण त्यांचा पीएफ हिशेबात धरावाच लागेल. मात्र त्यांनी केलेला हिशेब दोघे हयात असण्याच्या काळापुरता आहे. तुमच्यात पाच वर्षांचे अंतर आहे आणि स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा सरासरीने जास्त असते. ही दोन्ही कारणे एकत्र केली, तर आयुष्याच्या शेवटी काही वर्षे तुम्ही एकट्या असण्याची शक्यता बरीच आहे. तो काळ दहा वर्षांचा असेल किंवा पंधरा, हे कोणी सांगू शकत नाही. नियोजन करताना मी पंधरा धरतो. घरातले एक माणूस कमी झाले म्हणून खर्च निम्मा होत नाही, कारण घरपट्टी, वीज, गॅस, सोसायटीचा देखभाल खर्च आणि डॉक्टर हे तसेच राहतात. आजच्या ३० हजारांचे फार तर २० हजार होतील. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर आजचे २० हजार तुमच्या साठाव्या वर्षी ५० हजारांच्या पुढे गेलेले असतील.

आता यजमानांच्या पीएफमधून पेन्शन किती येते ते पाहू. कर्मचारी पेन्शन योजनेचे सूत्र साधे आहे: पेन्शनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. सर्वसाधारण कामगाराच्या बाबतीत हे वेतन १५ हजारांच्या वर धरले जात नाही. तीस वर्षांची सेवा, आणि वीस वर्षे पूर्ण केल्याबद्दल मिळणारी दोन वर्षांची वाढ धरली, तरी महिन्याला जास्तीत जास्त ६,८५७ रुपये होतात. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० रुपयांची मर्यादा लागू असल्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून खाली येतो. पतीच्या पश्चात पत्नीला या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते, म्हणजे साडेतीन हजारांच्याही आत. शिवाय या पेन्शनमध्ये महागाईप्रमाणे वाढ होत नाही. ‘पेन्शन आहे की’ या शब्दांवर विसंबून बसलेल्या घरांत हा आकडा कोणी कागदावर मांडलेलाच नसतो. पेन्शनखेरीज पीएफची एकरकमी रक्कम मिळेल, पण आपल्याकडे ती निवृत्तीच्या वर्षातच मुलीचे लग्न, मुलाचा व्यवसाय आणि उरलेले गृहकर्ज यांत वाटली जाते, हे तुम्हीही नात्यात पाहिले असेल.

म्हणून तुमच्या एकटीच्या त्या पंधरा वर्षांसाठी तुमच्या स्वतःच्या नावावर, तुमच्या सहीने निघेल असा पैसा असायला हवा. तो किती, याचा ढोबळ अंदाज असा: निवृत्तीनंतरचे व्याज महागाईला जेमतेम पुरते असे गृहीत धरले, तर महिना २० हजार गुणिले पंधरा वर्षे म्हणजे आजच्या किमतीत ३६ लाख रुपये. आकडा मोठा वाटेल, पण तो सगळा तुमच्या पगारातूनच उभा करायचा आहे असे नाही.

पहिले पाऊल तुमच्याच पगारपत्रकावर आहे. पीएफपोटी तुमचे १,८०० रुपये कापले जातात आणि मालकही १,८०० भरतो, परंतु मालकाच्या वाट्यातले १,२५० पेन्शन योजनेत वळते होतात आणि ५५० तुमच्या पीएफ खात्यात जातात. म्हणजे तुमच्या खात्यात महिन्याला २,३५० रुपयेच साठतात. तुमचा वाटा स्वेच्छेने वाढवण्याची सोय आहे, तिला व्हीपीएफ म्हणतात. त्यावर पीएफइतकेच व्याज मिळते आणि २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होते. तुम्ही महिन्याला ३ हजार रुपये वाढवले आणि व्याजदर एवढाच राहिला, तर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत केवळ या वाढीव रकमेचे नऊ लाखांच्या पुढे होतात, आणि नेहमीच्या २,३५० चे सात लाखांच्या आसपास. या मार्गाला मी नेहमी पहिली पसंती देतो आणि त्यामागे व्याजदराइतकेच दुसरेही कारण आहे. हा पैसा पगार हातात पडण्यापूर्वीच कापला जातो. घरात गॅस संपला, पाहुणे आले, मुलाची फी भरायची राहिली की सर्वांत आधी घरातल्या बाईची शिल्लक मोडते. जी रक्कम हातातच येत नाही ती कोणी मागतही नाही.

तुमचा पहिला पीएफ काढून घेतला गेला, त्याबरोबर पेन्शनचा भागही काढला असेल तर सहा वर्षांची पेन्शनपात्र सेवाही गेली आणि ती आता परत येणार नाही. पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. सध्याची चार आणि पुढची चौदा मिळून अठरा वर्षे होतील, त्यावर १५ हजारांच्या वेतनमर्यादेने ३,८५७ रुपये पेन्शन बसते. यापुढे नोकरी बदलली किंवा काही काळ थांबावे लागले तरी पैसे काढू नका, जुने खाते नव्या नोकरीत त्याच यूएएन क्रमांकावर (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक) वर्ग करून घ्या. दहा वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सुटली तर पेन्शनचा भाग रोखीने घेण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येते आणि त्यावरची सेवा पुढच्या सेवेत जोडली जाते. बाळंतपणासाठी नोकरी सोडणाऱ्या मुलींना ही गोष्ट कार्यालयात सहसा कोणी सांगत नाही. त्यांना पैसे काढण्याचा अर्ज मात्र तत्परतेने भरून दिला जातो. सलग पाच वर्षे नोकरी झाल्यावर ग्रॅच्युइटीचाही, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी रकमेचाही, हक्क येतो, तेव्हा चार वर्षे पूर्ण झालेल्या तुम्ही पुढचे वर्ष होईपर्यंत नोकरी बदलण्याची घाई करू नये.

भिशीबद्दल अनेक सल्लागार नाक मुरडतात. मी मुरडत नाही. भिशीवर व्याज नाही, तिला कायद्याचे संरक्षण नाही आणि एखादीने मध्येच हप्ते थांबवले तर सगळी गाडी अडते, हे खरे आहे. परंतु बारा जणींसमोर नाव खराब होऊ नये म्हणून बाई जितक्या नेमाने भिशी भरते, तितक्या नेमाने ती बँकेचे रिकरिंग भरत नाही. तुमची भिशी वर्षाला ६० हजारांची आहे. ती ज्या महिन्यात उचलाल त्या महिन्यात फ्रीज किंवा सोफा न घेता ती रक्कम पीपीएफमध्ये (पोस्टात किंवा बँकेत उघडता येणारे सरकारी दीर्घ मुदतीचे बचत खाते) भरायची, एवढाच बदल करा. भिशीतल्या बायकांशी बोलून मार्चचा नंबर मागून घेता आला तर उत्तम, कारण पीपीएफचे व्याज महिन्याच्या पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजले जाते आणि ५ एप्रिलपूर्वी भरलेल्या रकमेला पूर्ण वर्षाचे व्याज मिळते. हा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर स्थिर आहे. दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला ६० हजार याप्रमाणे पंधरा वर्षे भरल्यास, दर हाच राहिला तर, सुमारे १६ लाख २७ हजार होतात आणि त्यावर आयकर नाही. खाते ज्या आर्थिक वर्षात उघडाल ते वर्ष संपल्यापासून पंधरा वर्षांची मुदत मोजली जाते, म्हणजे या वर्षी उघडलेले खाते तुमच्या साठीच्या सुमारास मोकळे होईल. न्यायालयाच्या हुकुमानेही या खात्यावर कर्जापोटी जप्ती येत नाही, ही गोष्ट व्यवसायात असलेल्या घरांनी विशेष लक्षात ठेवावी. यजमानांनी स्वतःच्या पगारातून तुमच्या पीपीएफमध्ये भर घातली तरी चालते. पत्नीला दिलेल्या पैशावरचे उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते, असा आयकराचा नियम आहे, परंतु पीपीएफचे व्याजच करमुक्त असल्याने इथे त्याची झळ लागत नाही.

पतसंस्थेतील ३ लाखांविषयी मी स्पष्ट बोलतो. दहा टक्के व्याजाच्या मोहाने आपल्या जिल्ह्यात कितीतरी निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी अडकलेली आहे. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेमागे मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून वाढवण्यात आली आणि नागरी सहकारी बँकांनाही ती लागू आहे. पतसंस्था ही बँक नव्हे आणि तिच्या ठेवींना हा विमा नाही. संचालक ओळखीचे आहेत, शाखा घराखाली आहे, गणपतीची वर्गणी देतात, या गोष्टींचा ठेवीच्या सुरक्षिततेशी संबंध नाही. मुदत संपताच ही रक्कम काढून राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टात ठेवा. त्यातली सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम केव्हाही काढता येईल अशी ठेवा, म्हणजे अडचणीच्या वेळी व्हीपीएफला हात लावण्याची पाळी येणार नाही.

सोने हे स्त्रीधन आहे आणि अडीअडचणीला ते उभे राहते, यात वाद नाही. पण तुमच्या १२ तोळ्यांतले किती मुलीच्या लग्नात जाणार आहे ते आधी ठरवा आणि तेवढे निवृत्तीच्या हिशेबातून वजा करा. दागिना मोडायला गुजरीत, आपल्या सराफ पेठेत, गेलात की घडणावळ सुटते, घट धरली जाते आणि खड्यांचे वजन वजा होते. म्हणून दागिन्यांची आजच्या भावाने केलेली किंमत हातात पडत नाही. नवे दागिने निवृत्तीसाठी म्हणून घेऊ नका.

व्हीपीएफ, पीपीएफ आणि नेहमीचा पीएफ मिळून तुमच्या साठीला ३२ लाखांच्या आसपास होतात, पण ते तेव्हाच्या किमतीतले रुपये असतील. आजच्या किमतीत त्यांचे मोल जेमतेम तेरा लाख आहे. म्हणजे वर काढलेल्या ३६ लाखांच्या तिसऱ्या हिश्शाइतके. तुमची आणि यजमानांच्या पश्चात मिळणारी पेन्शन खड्ड्याचा थोडा भाग भरून काढेल, परंतु निव्वळ व्याजाच्या साधनांवर उरलेला भाग भरणार नाही. त्यासाठी महिन्याला २ हजारांची एसआयपी (दरमहा ठरलेली रक्कम गुंतवणे) एखाद्या साध्या, कमी खर्चाच्या निर्देशांक फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, सुरू करावी असे माझे मत आहे. सोळा वर्षांची मुदत हाताशी आहे, म्हणून मी शेअर बाजाराचे नाव घेतो आहे. तो मध्येच तीस-चाळीस टक्क्यांनी पडू शकतो आणि तेव्हा एसआयपी थांबवणाऱ्यांचेच सर्वांत जास्त नुकसान होते. पडलेला बाजार पाहून झोप उडत असेल तर एक हजारच भरा, पण भरत राहा. बँकेत ‘मॅडम, गॅरंटीड पेन्शन प्लॅन आहे’ म्हणून जी पॉलिसी पुढे केली जाते, तिचा परतावा बहुतेक वेळा पाच-सहा टक्क्यांच्या आसपास निघतो आणि पहिल्या वर्षांत बंद केली तर भरलेल्या पैशांचा मोठा भाग बुडतो. तिथे नम्रपणे नाही म्हणावे.

उरलेला खड्डा यजमानांच्या पीएफने आणि घराने भरायचा आहे, आणि इथेच नावाचा प्रश्न येतो. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पतीने मृत्युपत्र केले नसेल तर त्यांच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि त्यांची आई यांना समान हिस्सा मिळतो. म्हणजे तुमच्या सासूबाई हयात असतील तर राहत्या घरात त्यांचाही वाटा, आणि त्यांच्या पश्चात त्या वाट्यात दीर-नणंदांचाही संबंध. घरातले संबंध कितीही गोड असोत, एकट्या बाईला त्या वेळी सात जणांच्या सह्या गोळा करत फिरावे लागते. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने तो राज्यभर पुढे नेला, याचा आपल्या जिल्ह्याला रास्त अभिमान आहे. पण मंगळसूत्र गळ्यात राहिले तरी फ्लॅट नावावर होण्यासाठी कागदच लागतात. यजमानांनी फ्लॅटपुरते तरी मृत्युपत्र करावे. ते साध्या कागदावरही चालते, दोन साक्षीदारांनी सही करणे आवश्यक असते आणि त्यांपैकी कोणी लाभार्थी नसावा. नोंदणी बंधनकारक नाही, परंतु करून ठेवणे सोयीचे.

एक काम मात्र या रविवारी दोघांनी मिळून करा. कपाटातली फाईल काढा आणि प्रत्येक कागदावरचे नामनिर्देशन वाचा. माझ्याकडे येणाऱ्या अनेक जोडप्यांच्या फायलीत लग्नापूर्वी घेतलेली विमा पॉलिसी असते, तिच्या मागच्या पानावर नॉमिनीच्या रकान्यात आईचे नाव निळ्या शाईत लिहिलेले असते, नाते ‘आई’, वय ४६, आणि त्या आई आता ऐंशीच्या असतात किंवा हयातही नसतात. लग्न होऊन कुटुंब झाल्यावर पीएफमधील जुने नामनिर्देशन रद्द ठरते आणि नवे ऑनलाइन भरावे लागते. यजमान नवी मुदत विमा पॉलिसी (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारी) घेणार असतील तर ती विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४ खाली घ्यावी, म्हणजे ती रक्कम पत्नी आणि मुलांसाठी विश्वस्त निधी ठरते आणि पतीला कर्ज देणारे तिच्यावर हक्क सांगू शकत नाहीत. हा पर्याय पॉलिसी घेतानाच अर्जात निवडावा लागतो.

भावाच्या हक्कसोडपत्राबद्दल तुम्ही काय करावे हे मी सांगणार नाही, कारण माहेरचा उंबरा तुमचा आहे. एवढेच सांगतो, की २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे आणि नोंदणीकृत हक्कसोड एकदा झाले की ते फिरवणे जवळजवळ अशक्य असते. सही करण्यापूर्वी सातबारा काढा, तुमच्या वाट्याची जमीन किती गुंठे होते आणि तिकडे आज काय भाव चालतो याची चौकशी करा. त्यानंतर पूर्ण सोडायचे, थोडे ठेवायचे की भावाकडून टप्प्याटप्प्याने मोबदला घ्यायचा ते ठरवा. कित्येक बहिणींनी राखीच्या ओवाळणीत जे सोडले त्याची किंमत त्यांच्या संपूर्ण निवृत्तीच्या गरजेपेक्षा जास्त होती.

जाऊबाईंना दोन गोष्टी सांगा. म्हशींचे शेण, धारा, वैरण त्या करत असतील तर दूध संस्थेत सभासदत्व आणि खाते त्यांच्या नावावर असावे, म्हणजे दर दहा दिवसांचे बिल आणि दिवाळीचा दरफरक त्यांच्या खात्यात जमा होईल. दुसरे म्हणजे अटल पेन्शन योजना. तिच्यात १८ ते ४० वयापर्यंतच प्रवेश मिळतो आणि आयकर भरणाऱ्यांना तो ऑक्टोबर २०२२ पासून बंद आहे. पस्तिसाव्या वर्षी महिन्याला ९०२ रुपये भरले तर साठीनंतर महिन्याला ५ हजार रुपये पेन्शन, त्यांच्या पश्चात पतीला तेवढीच, आणि दोघांच्या पश्चात जमा निधी वारसाला. त्या वेळच्या ५ हजारांत आजच्या हजार-बाराशेचाच बाजार येईल, हे त्यांच्यापासून लपवू नका. पण लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये त्यांना मिळत असतील, तर ती योजना वयाच्या ६५ व्या वर्षी थांबते आणि त्यातून भरलेली ही पेन्शन थांबत नाही.

तुम्हा दोघांचा आरोग्य विमाही आताच घ्या. फौंड्रीने दिलेले संरक्षण नोकरीबरोबर संपते, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, त्यामुळे ५८ व्या वर्षी घ्यायला गेलात तर गरज आणि प्रतीक्षा एकाच वेळी सुरू होतात. साठीनंतर पैसा कुठे ठेवायचा याची चिंता आज नको. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकाला स्वतंत्रपणे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, २०२५ अखेर तिचा दर ८.२ टक्के होता आणि व्याज दर तीन महिन्यांनी हातात येते. त्या वेळी यजमानांच्या पीएफमधील निम्मी रक्कम तुमच्या नावाच्या खात्यात जावी, एवढे आजच बोलून ठेवा.

व्हीपीएफ वाढवण्याचा अर्ज बहुतेक आस्थापना आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच स्वीकारतात, म्हणून तो मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात लेखी द्या आणि एप्रिलचे पगारपत्रक हातात आल्यावर कपात १,८०० ऐवजी ४,८०० झाली आहे का ते तपासा. लेखापाल तुम्हीच आहात, तेव्हा हे काम तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावे लागणार नाही.